ओला फोन सुकवण्याची कृती

फोन बादलीत पडला? की पावसात खिशातच भिजला? घाबरून जाऊ नका. आपण तो पायरीपायरीने सुकवू. खालची कृती वरून खाली, क्रम न मोडता करायची. पहिल्या सहा पायऱ्यांना पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत, आणि बहुतेक फोन वाचतात किंवा जातात ते त्या पाच मिनिटांतच. म्हणून फोन या क्षणी ओला असेल तर सगळं आधी वाचत बसू नका. एक पायरी वाचा, ती हाताने करा, मग पुढची वाचा.

त्याआधी एकच गोष्ट मनात पक्की करा: पायरी २७ येईपर्यंत हा फोन चार्जिंगला लावायचा नाही. ‘चालतोय का ते बघू’ म्हणून अर्धं मिनिटही नाही. नुसत्या पाण्यातून फोन पुष्कळदा सुखरूप बाहेर येतो. ओल्या फोनमध्ये वीज सोडली, की आतला बोर्ड जळतो.

पहिली पाच मिनिटं

१. फोन चार्जरला जोडलेला असतानाच पाण्यात पडला असेल, तर सर्वांत आधी भिंतीवरचं बटण बंद करा. पाण्यात हात त्यानंतरच. बटण कोरड्या हाताने दाबा. बोर्डाजवळच पाणी सांडलं असेल तर तिथे हातही न लावता घराचा मेन स्विच बंद करा. फोन सुटाच पडला असेल तर ही पायरी सोडून द्या.

२. फोन पाण्यातून बाहेर काढा. चिमटा, झारा शोधत बसू नका, थेट हात घाला. कमोडमध्ये पडला असेल तर हातावर प्लास्टिकची पिशवी चढवा आणि काढा.

३. फोनच्या पाठीला हात लावून पाहा. गार किंवा नेहमीसारखा कोमट लागला तर उत्तम, पुढे चला. पण चटका बसतोय, पाठ फुगल्यासारखी वाटते, आतून सूं असा आवाज येतोय किंवा उग्र वास येतोय, तर ही कृती इथेच थांबवा. फोन फरशीवर, पडदे, गाद्या, कागद यांच्यापासून लांब ठेवा, खिडक्या उघडा आणि स्वतः बाजूला व्हा. फुगलेली बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, पुन्हा पाण्यातही टाकायची नाही. धूर किंवा जाळ दिसला तर घरातल्या सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि १०१ किंवा ११२ ला फोन करा.

४. स्क्रीन कोरड्या सुती कापडाने टिपून घ्या. जुना पंचा, सुती ओढणी, धुतलेला रुमाल, जे पटकन मिळेल ते. काच ओली असली की बोट नीट लागत नाही आणि स्क्रीन आपोआप भलतंसलतं उघडू लागते, म्हणून बंद करण्याआधी ती कोरडी हवी. टिशू पेपर मात्र नको. तो भिजला की त्याचा लगदा जाळ्यांमध्ये आणि खाचांमध्ये जाऊन बसतो.

५. फोन बंद करा. आयफोन असेल तर बाजूचं बटण आणि आवाजाचं कोणतंही एक बटण एकत्र दाबून धरा. स्क्रीनवर पट्टी आली की ती सरकवा. (जुन्या, होम बटणवाल्या आयफोनला फक्त बाजूचं किंवा वरचं बटण पुरतं.) अँड्रॉइड असेल तर पुष्कळ नव्या फोनना पॉवर आणि आवाज वाढवायचं बटण एकत्र दाबावं लागतं. नुसतं पॉवरचं बटण धरून ठेवलंत तर तिथे बोलणारा मदतनीस उघडतो, त्याच्या नादी लागू नका. फोन पाण्यातच बंद पडला असेल तर तुमचं काम झालेलं आहे. तो ‘चेक करायला’ सुरू करू नका.

स्क्रीन अजिबात दाद देत नसेल तर बटणांशी झटापट नको. बटणं फार वेळ धरून ठेवली की बरेच फोन बंद होण्याऐवजी पुन्हा सुरू होतात, आणि आपल्याला नेमकं तेच टाळायचं आहे. अशा वेळी पायरी १३ पर्यंतचं काम भराभर उरका आणि आजच्या आज दुकान गाठा. जो फोन बंदच होत नाही, तो घरी दोन दिवस ठेवू नये.

६. कव्हर काढा. इयरफोन, केबल, मागे चिकटवलेली रिंग, गळ्यातली दोरी, जे काही फोनला अडकवलं असेल ते या फेरीत निघालं पाहिजे. कव्हर आणि पाठ यांच्यामध्ये चमचाभर पाणी सहज साठून राहतं आणि ते हळूहळू बटणांच्या फटींतून आत उतरतं. काचेवरचा टेम्पर्ड ग्लास राहू द्या, तो काढायला गेलात तर उगाच स्क्रीनवर जोर येईल.

शाब्बास. घाईचं काम संपलं.

पाणी कसलं होतं?

७. फोन कशात भिजला ते ठरवा. नळाचं, पिण्याचं किंवा स्वच्छ पावसाचं पाणी असेल तर पायरी ८ सोडा आणि थेट ९ वर या. समुद्राचं खारं पाणी, स्विमिंग पूल, रंगपंचमीचा रंग, चहा, सरबत, ताक, आमटी, साबणाचं पाणी यांपैकी काही असेल तर पायरी ८ चुकवू नका. नुसतं पाणी उडून जातं. मीठ, साखर आणि साबण मागे राहतात, आणि फोन सुकल्यावरही आतलं पितळ, तांबं खात बसतात.

८. फोन गोड्या पाण्याने धुवा, पण तो जलरोधक असेल तरच. म्हणजे खोक्यावर आयपी६७ किंवा आयपी६८ लिहिलेलं हवं, काच कुठे तडकलेली नको, आणि फोन दुरुस्तीसाठी आधी कधी उघडलेला नको. या तिन्ही गोष्टी जुळत असतील तर सिमचा ट्रे जागेवरच ठेवून, नळाची बारीक धार सोडून, फोन सगळ्या बाजूंनी अलगद धुवा. तारकर्लीच्या किंवा गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर असाल तर पिण्याच्या पाण्याची बाटली ओता. तिथून घरी पोहोचेपर्यंत वाट पाहू नका. हँड शॉवरचा फवारा नको, कोमट पाणी नको, साबण तर नकोच.

तिन्हींपैकी एकही गोष्ट जुळत नसेल तर फोन धुवायचा नाही. कापड गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळा, त्याने बाहेरून पुसा आणि त्याच दिवशी दुरुस्तीच्या दुकानात न्या. खारं पाणी आत गेलेला साधा फोन घरी सुकवत ठेवण्यात काही अर्थ नाही. दोन दिवसांत आत गंज धरतो, आणि मग चांगला कारागीरही हात टेकतो.

सुकवायला ठेवण्याआधी

९. फोन पूर्ण अंगाने टिपून घ्या. घासायचं नाही, कापड दाबून उचलायचं. बटणांच्या कडा, कॅमेऱ्याभोवतीचा उंचवटा, स्पीकरची जाळी या जागांवर कापड दोन सेकंद दाबून धरा, म्हणजे ते पाणी ओढून घेतं. कापड ओलं झालं की बाजू बदला.

१०. फोन उभा धरा, चार्जिंगची खाच खाली. आता खालची कड तळहातावर हलकेच आपटा, दहा-पंधरा वेळा. तळहातावर बारीक थेंब दिसतील, तेच हवे आहेत. थेंब यायचे थांबले की तुम्हीही थांबा. फोन जोरात झटकू मात्र नका. झटक्याने पाणी बाहेर कमी येतं आणि आत, जिथे अजून पोहोचलं नव्हतं तिथे, जास्त जातं. तोंडाने फुंकर मारणं, सायकलचा पंप लावणं हे त्यातलंच.

११. खाली पांढरी ताटली ठेवून सिमचा ट्रे काढा. खोक्यातली पिन सापडत नसेल तर कागदाला लावायची जेम क्लिप सरळ करा, किंवा कानातल्या कुडीची दांडी घ्या. पिन घालण्याआधी नीट बघा: सिमच्या पट्टीवर जे भोक आहे, तेच आपलं. शेजारी किंवा फोनच्या कडेला तसंच दुसरं भोक असतं, ते माइकचं. त्यात पिन गेली तर फोन वाचेल, पण तुमचा आवाज पलीकडे जाणार नाही. ट्रे हळू ओढा. त्याच्या तोंडाशी रबराची बारीक कडी असेल तर ती तुटू देऊ नका.

ट्रेवर पाण्याचा थेंब आहे का ते पाहा. ट्रे कोरडा ठणठणीत असेल तर मन हलकं करा, बहुधा आत फारसं पाणी गेलेलं नाही. सुकवायचं मात्र तरीही पूर्ण.

आता टॉर्च धरून ट्रेच्या रिकाम्या खाचेत डोकावा. बऱ्याच फोनमध्ये आत एक छोटा ठिपका चिकटवलेला असतो. तो पांढरा किंवा रुपेरी असेल तर तिथवर पाणी आलेलं नाही. लाल किंवा गुलाबी झाला असेल तर आलं आहे. सर्व्हिस सेंटरवालेही आधी तोच ठिपका बघतात.

१२. सिम आणि मेमरी कार्ड कोरड्या कापडाने टिपून एका छोट्या डबीत ठेवा. ट्रेही तिथेच, फोनच्या बाहेर. त्याची जागा उघडी राहिली की तेवढीच हवा आत खेळते.

१३. आजोबांकडे असतो तसा बटणांचा फोन असेल, तर मागचं झाकण उघडून बॅटरी काढा. पाठ सीलबंद असलेल्या स्मार्टफोनला ही पायरी नाही. सुरीने, पट्टीने पाठ उचकटू नका. आत बॅटरी पातळ पिशवीसारखी असते, आणि सुरीचं टोक तिला लागलं तर आग लागू शकते.

आता घरचे सल्ले येतील

या टप्प्यावर घरातलं प्रत्येक माणूस काहीतरी सुचवतं. सगळं प्रेमापोटीच असतं, पण तुम्ही ठाम राहा.

पहिला सल्ला तांदळाचा. फोन तांदळाच्या डब्यात पुरायचा नाही. तांदळाची भुकटी चार्जिंगच्या खाचेत जाते, ओलीशी मिसळून तिचा चिकट थर बसतो, आणि एखादा कण आत अडकला की तो काढताना खाचेतल्या बारीक पिना वाकतात. ॲपलनेही आपल्या ग्राहकांना ओला आयफोन तांदळात ठेवू नका असंच स्पष्ट सांगितलं आहे. वर, डब्यात पुरलेल्या फोनला वारा लागत नाही, तो वेगळाच तोटा. रवा, पोहे, ओट्स यांचंही तेच. तांदूळ भातालाच राहू दे.

दुसरा सल्ला गरम हवेचा. हेअर ड्रायर, इस्त्री, तवा, ओव्हन, रूम हीटर, दुपारचं ऊन, बंद गाडीचा डॅशबोर्ड, यातलं काहीही नको. उष्णतेने बॅटरी बिघडते आणि स्क्रीन चिकटवणारा डिंक सुटतो. मायक्रोवेव्हचं तर नावही काढू नका. फोनमध्ये धातू आहे, ठिणग्या उडतील. वाय-फायच्या किंवा सेट टॉप बॉक्सच्या डबीवर फोन ठेवायची सवयही पुष्कळ घरांत आहे. तीही आज बाजूला ठेवा. आपल्याला वारा हवा आहे, ऊब नको.

तिसरा सल्ला फ्रीजरचा. आत राहिलेल्या पाण्याचा बर्फ होईल आणि बाहेर काढल्यावर फोनला सगळीकडून घाम फुटेल. नको.

चौथा, कानकोरण्यावरचा कापूस खाचेत फिरवायचा. कापसाचे तंतू आत राहतात. हाही नको.

सुकवणं

१४. फोन ठेवायला कोरडी खोली निवडा. स्वयंपाकघर नको, बाथरूमला लागून असलेली खोली नको. पावसाळ्यात घरात दोरीवर ओले कपडे टांगलेले असतील तर ती खोली तर मुळीच नको. कपड्यांची ओल हवेत, आणि हवेतली फोनमध्ये. एसी असेल तर तो ‘ड्राय’ मोडवर लावा, रिमोटवर थेंबाचं चित्र असतं तो. जुलैतल्या मुंबईत किंवा रत्नागिरीत याचा फार उपयोग होतो.

१५. टेबलावर पिठाची चाळणी पालथी घाला. जाळी वर आली पाहिजे. आपल्याला फोनच्या खालूनही वारा हवा आहे, आणि घरात यासाठी चाळणीइतकं चांगलं साधन दुसरं नाही. चाळणीत पीठ चिकटलेलं नाही ना, ते आधी झटकून बघा.

१६. फोन चाळणीवर ठेवा. खाचेचं टोक कडेबाहेर थोडं झुकेल असं बघा, म्हणजे उरलंसुरलं पाणी निथळेल. दुसऱ्या टोकाखाली घडी घातलेला रुमाल सरकवलात की उतार मिळतो.

१७. टेबल फॅन सुरू करा. हातभर अंतरावरून, मध्यम वेगाने, वारा खाचेच्या बाजूने येईल असा. टेबल फॅन नसेल तर छताचा पंखा चालेल, वेळ थोडा जास्त धरा.

१८. कागदावर आत्ताची वेळ लिहून तो फोनशेजारी ठेवा, आणि त्याखाली मोठ्या अक्षरांत लिहा: ‘सुरू करू नये, चार्जिंगला लावू नये’. हे काम पोरकट वाटेल, पण वगळू नका. तुम्ही आंघोळीला गेलात की कुणीतरी मायेने फोन उचलतं आणि चार्जरला लावून टाकतं.

१९. थांबा. नुसते शिंतोडे उडाले असतील तर चोवीस तास. फोन पाण्यात बुडाला असेल तर अठ्ठेचाळीस. पावसाळा असेल, किनाऱ्याजवळ राहत असाल आणि एसी नसेल, तर बहात्तर तास धरा. फोन बाहेरून पहिल्या तासातच कोरडा दिसू लागतो. त्याला भुलू नका. काचेच्या आत, बोर्डवरच्या पत्र्याच्या झाकणाखाली अडकलेलं पाणी सावकाश निघतं.

मधल्या वेळात तुमची कामं अडू नयेत म्हणून सिम घरातल्या दुसऱ्या फोनमध्ये घाला. फोन येतील, बँकेचे ओटीपी येतील. व्हॉट्सॲप मात्र त्या दुसऱ्या फोनवर उघडायची घाई करू नका. तिथे नोंदणी केलीत की जुन्या फोनवरचं बंद होतं, आणि बॅकअप न घेतलेल्या गप्पा ओल्या फोनमध्येच अडकून राहतात. लॅपटॉपवर व्हॉट्सॲप आधीच जोडलेलं असेल तर फोन बंद असतानाही ते चौदा दिवसांपर्यंत चालतं. तेच वापरा.

२०. पहिले चोवीस तास वारा दिल्यावर सिलिका जेलच्या पुड्या गोळा करा. नव्या बुटांच्या खोक्यात, पर्समध्ये, गोळ्यांच्या बाटलीत निघतात त्या. ही पायरी ऐच्छिक आहे. जास्तीत जास्त पुड्या हव्यात, दोन-तीनांनी काही होत नाही. आणि त्या ताज्या हव्यात. कपाटात वर्षभर उघड्या पडलेल्या पुड्यांनी हवेतली ओल आधीच पिऊन घेतलेली असते. रंगीत दाण्यांची पुडी असेल तर पटकन कळतं: निळे दाणे गुलाबी झाले किंवा केशरी हिरवे झाले, की ती पुडी संपली. पुडी फोडू नका, आणि घरात लहान मूल असेल तर उरलेल्या लगेच उचलून ठेवा.

२१. पुड्या आणि फोन हवाबंद डब्यात घालून झाकण लावा, उरलेला वेळ तिथेच राहू द्या. पुड्या नसतील तर डबाही नको. तेव्हा चाळणी आणि पंखाच शेवटपर्यंत. नुसत्या बंद डब्यात ओल कोंडते.

सुरू करायची वेळ

२२. वेळ भरली की टॉर्च कॅमेऱ्याच्या भिंगावर तिरका धरून बघा. सरळ धरलात तर उजेड परततो आणि काही दिसत नाही. भिंगाच्या आतल्या बाजूला दव किंवा धुकट डाग दिसला, तर आत अजून ओल आहे. फोन परत चाळणीवर, आणखी एक दिवस. मग पुन्हा इथूनच सुरुवात.

२३. चार्जिंगच्या खाचेत टॉर्च मारून बघा. चमकणारा थेंब, हिरवट किंवा पांढुरका थर दिसतो का? थेंब असेल तर अजून थांबा. थर असेल तर तो गंज आहे, स्वतः खरवडू नका, खाली दुकानाच्या भागाकडे वळा.

२४. चार्जर न लावता फोनचं बटण दाबा. बॅटरीत मुळात जेवढं होतं तेवढ्यावरच तो उठायला हवा. सुरू झाला? वा! पण गप्पा मारायला लगेच कुणाला लावू नका, पुढची पायरी आधी. नाही सुरू झाला तर थेट २७ वर जा.

२५. फोटो, संपर्क आणि व्हॉट्सॲपचा बॅकअप घ्या. वाय-फाय जोडा, क्लाउडवर चढवा. बाकी सगळ्याच्या आधी हे करायला मी आग्रहाने सांगते आहे, कारण भिजलेला फोन आज ठणठणीत चालतो आणि चार दिवसांनी झोपेतच जातो, असं पुष्कळदा होतं. नवा फोन आणता येतो. बाळाच्या पहिल्या पावलांचा व्हिडिओ पुन्हा काढता येत नाही. आधी तो सुरक्षित करा.

२६. एकेक भाग तपासा. ध्वनिमुद्रण करून ऐका, माइक कळेल. सिम आणि ट्रे परत घालून कुणाला तरी फोन लावा, कानाशी आवाज येतो का पाहा. दोन्ही कॅमेरे उघडा. कीबोर्ड उघडून चारही कोपऱ्यांतली अक्षरं टाइप करा. बोटाचा ठसा, कंपन, आवाजाची बटणं, सगळं. स्पीकरचा आवाज घशात अडकल्यासारखा येत असेल तर जाळी खाली करून फोन धरा आणि मोठ्या आवाजात रिंगटोन एक-दोन मिनिटं वाजवा. जाळीत राहिलेला थेंब पुष्कळदा निघून जातो. सुधारलं नाही तर तासन्‌तास वाजवत बसू नका, अजून एक दिवस वारा द्या.

२७. आता चार्जिंग. फोन उघड्या फरशीवर किंवा ओट्यावर ठेवा, गादीवर नाही, उशीखाली तर नाहीच. नेहमीचा चांगला चार्जर घ्या. भिजलेल्या बाथरूममध्ये होता तो चार्जर आज वापरू नका. केबल लावा आणि पहिली दहा मिनिटं जवळून हलू नका. मधूनमधून पाठीला हात लावा. किंचित कोमट चालेल. गरम लागली, वास आला, की भिंतीवरचं बटण बंद. पूर्ण बंद पडलेल्या फोनला पडद्यावर बॅटरीचं चित्र यायलाही थोडा वेळ लागतो, तेव्हा अर्धा तास द्या. रात्रभर मात्र लावून ठेवू नका.

२८. पडद्यावर थेंबाचं चित्र किंवा खाचेत ओल असल्याची सूचना आली तर केबल लगेच काढा. फोनच्या बाजूने आणि चार्जरच्या बाजूनेही, कारण केबलचं टोक ओलं असू शकतं. पायरी १० पुन्हा करा, फोन वाऱ्यावर ठेवा, निदान अर्ध्या तासाने परत लावून बघा. खाच पूर्ण सुकायला कधीकधी दिवसभर लागतो. आयफोन तिथे सूचना डावलून चार्ज करायची मुभाही देतो. ती घेऊ नका.

दुकानात जायचं ठरलं तर

अर्धा तास चार्ज करूनही फोन उठत नाही, पडद्यावर रेघा किंवा डाग आलेत, फोन वापरताना तापतो, खाचेत गंज दिसला: यातलं एकही असेल तर घरचे उपाय इथे संपले. पडदा काळा असूनही रिंग वाजते किंवा कंपन होतं, तर आनंदाची बातमी आहे. बहुधा फक्त डिस्प्ले गेलाय. कारागिराला सांगा, तो तात्पुरता दुसरा डिस्प्ले जोडून तुमचा डेटा काढून देऊ शकतो.

२९. आधी विम्याची कागदं बघा. कंपनीच्या नेहमीच्या वॉरंटीत पाण्याने झालेलं नुकसान सहसा बसत नाही, पण फोन घेताना अपघाती नुकसानीचं वेगळं कवच घेतलं असेल तर बसू शकतं. तसं असेल तर फोन गल्लीतल्या दुकानात उघडू देऊ नका. आधी विमावाल्यांना कळवा, बिल शोधून ठेवा.

३०. सिम आणि मेमरी कार्ड घरी ठेवून मगच फोन न्या.

३१. कारागिराला खरं काय ते सांगा. कसलं पाणी, किती वेळ, कधी, त्यानंतर चार्जिंगला लावला होता का. ‘आपोआप बंद पडला’ म्हणालात तर तो बिचारा भलतीकडेच शोधत बसेल आणि पैसे तुमचे जातील.

३२. काय करायचं ते स्पष्ट सांगा: ‘फोन उघडून बोर्ड बाहेर काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने ब्रश मारून साफ करा, आणि रीसेट करू नका.’ कारागीर त्याला नुसतं आयपीए म्हणतात. अल्ट्रासोनिक मशीन असेल तर त्यातही साफ करून घ्या. नुसता ब्लोअर मारून फोन परत देणाऱ्या दुकानातून काढता पाय घ्या. वरून सुकवलेला बोर्ड आतून गंजतच राहतो.

३३. खर्चाचा अंदाज फोन उघडण्याआधी घ्या, आणि उघडलेल्या बोर्डाचा फोटो मागा. नीट काम करणारे कारागीर तो स्वतःहून काढून दाखवतात.

पुढचे आठ दिवस

३४. फोन सपाट काचेवर किंवा आरशावर पाठीवर ठेवून रोज एकदा बघा, कव्हर काढून. कॅमेऱ्याच्या उंचवट्यामुळे तो थोडा तिरका बसतो, तेवढं सोडा. पण एरवी न डुगडुगणारा फोन डुगडुगू लागला, काच कडेने उचलली गेली, किंवा फट दिसली, तर बॅटरी फुगते आहे. फोन बंद करा, चार्ज करू नका, आणि बॅटरी बदलून घ्या. जुनी बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकायची नाही, ती दुकानातच ठेवून या.

३५. एकदा पाणी शिरलेला किंवा उघडलेला फोन इथून पुढे साधा समजा, खोक्यावर आयपी६८ लिहिलेलं असलं तरी. पावसात निघताना जाड प्लास्टिकच्या झिपच्या पिशवीत घाला, आणि बादली, बेसिन, भिजवलेली कणीक यांच्यापासून हातभर लांब ठेवा.

३६. आठव्या दिवशी आणखी एकदा बॅकअप घ्या.